बाबा येत नाई तवरी

आंतरवासिता हा कागदावरचा शब्द. आमची मुलं इंटर्नशिप म्हणतात आणि गावातली माणसं म्हणतात, 'शिकाऊ मॅडम आल्या.' दिवाळीनंतर शाळा उघडल्या की आमच्या अध्यापक विद्यालयातली मुलं-मुली चार-चारच्या गटानं आसपासच्या जिल्हा परिषद शाळांत जातात, आणि मी कधी एसटीनं, कधी कुणाच्या दुचाकीवर मागे बसून त्यांचे पाठ बघत फिरते. यवतमाळ जिल्ह्यात हे दिवस कापूस वेचणीचे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वावरं पांढरी झालेली असतात आणि वर्गातली निम्मी पोरं गैरहजर.

निरीक्षणाला गेले की मी मागे, मुलांच्याच बसायच्या पट्टीवर बसते. खुर्ची देतात, पण खुर्चीवरून वह्या दिसत नाहीत.

त्या दिवशी तिसरीचा वर्ग होता. म्हणजे तिसरी आणि चौथी एकत्र, कारण शाळाच दोन शिक्षकांची. पाठ घेणारी मुलगी दुसऱ्या वर्षाची, पाठाचं टाचण नेहमी वेळेवर दाखवणारी, अक्षर मोत्यासारखं. फळ्यावर विषय: 'माझी शाळा'. खाली मुद्दे: शाळेचं नाव, वर्गखोल्या, शिक्षक, मैदान, झाडं, शाळा का आवडते. मुलांकडून तोंडी वाक्यं काढून घेतली, थोडी नीटनेटकी करून फळ्यावर लिहिली, मुलांनी उतरवून घेतली. चौदा वह्यांपैकी तेरा वह्यांत एकच वाक्य: 'माझ्या शाळेसमोर भव्य मैदान आहे.' शाळेसमोर मैदान नव्हतं. पाण्याची टाकी होती, आणि टाकीच्या सावलीत दोन म्हशी बसल्या होत्या.

चौदावा मुलगा माझ्या शेजारी होता. त्यानं शीर्षक उतरवलं आणि थांबला. पेन्सिलचं मागचं टोक चावून झालं, खिडकीतून म्हशी बघून झाल्या. मग मान खाली घालून त्यानं भराभरा लिहिलं:

'लाईन राती येते. बाबा ओलीत कराले जाते. आई मनते साप राह्यते. बाबा येत नाई तवरी मी जागा राह्यतो.'

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. लाईन म्हणजे वीज. ओलीत म्हणजे पिकाला पाणी देणं. शेतीपंपाची वीज पाळीनं मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस बॅटरी घेऊन अंधारात धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालत जातो. बाकीचं त्या मुलानं लिहिलेलंच आहे.

वही तपासताना पाठ घेणाऱ्या मुलीनं आठ लाल खुणा केल्या. राती, कराले, जाते, मनते, राह्यते, नाई, तवरी, राह्यतो. प्रत्येकाच्या डोक्यावर बरोबर शब्द लिहिला, सुबक अक्षरात. खाली शेरा: 'विषय माझी शाळा आहे. सुधारून लिहिणे.' मुलानं वही घेतली, लाल शाईकडे पाहिलं, पान उलटलं आणि फळ्यावरचं उतरवायला लागला. आता चौदाही वह्यांत भव्य मैदान.

आणि मी काय केलं? निरीक्षण नोंदीत लिहिलं, 'फलकलेखन सुबक. वह्या काळजीपूर्वक तपासल्या.' खाली सही, तारीख.

परतताना एसटीत खिडकीशी बसल्यावर ती चार वाक्यं पुन्हा समोर आली. चारच वाक्यं, पण त्यांत काय नाही? वीज रात्री येते म्हणून बाबा रात्री जातात, बाबा जातात म्हणून आईला धास्ती. आईचं बोलणं त्यानं आपल्या वाक्यात आणलंय. 'येत नाई तवरी' हे तर सरळ मिश्र वाक्य. दुसऱ्या वर्षाच्या व्याकरणाच्या तासाला ते शिकवताना माझा घसा कोरडा पडतो आणि मुलींच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. तिसरीतल्या पोरानं ते गरज पडली म्हणून लिहून टाकलं होतं. आणि आम्ही दोघींनी, एक शिकणारी आणि एक शिकवणारी, मिळून त्याला सांगितलं की हे लिहिणं नव्हे.

तिला बोलायचा मला काही अधिकार नव्हता. तिला वह्या तपासायला मीच शिकवलं होतं.

मला कुणी शिकवलं, तेही सांगायला हवं. माझं प्राथमिक शिक्षण अशाच शाळेत झालं. रोज दहा ओळी शुद्धलेखन, म्हणजे पुस्तकातल्या दहा ओळी जशाच्या तशा उतरवायच्या. 'शुद्धलेखन' या शब्दाला आमच्या लेखी तेवढाच अर्थ होता. शनिवारी श्रुतलेखन, चुकलेला शब्द पाच-पाच वेळा. सातवीत मी 'समुद्रकिनाऱ्यावरील सूर्यास्त' हा निबंध लिहिला आणि वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळवले. सोनेरी वाळू, लाटांची गाज, परतीच्या वाटेवरचे पक्षी. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो सव्विसाव्या वर्षी, लग्नानंतर, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की याला एवढा वास येतो हे निबंधमालेत कुठंच नव्हतं.

गुणांचा मला राग नाही. पण त्या निबंधानं मला एक पक्कं शिकवलं की लिहिणं म्हणजे जे आपल्याकडे नाही ते दुसऱ्याच्या शब्दांत मांडणं. जे आपल्याकडे आहे, वावर, विहीर, बंडी, बापाचं कर्ज, ते लिहायच्या लायकीचं नाही. हे धडे फळ्यावर कुणी लिहीत नाही म्हणून ते जास्त पक्के बसतात.

आमच्याकडे येणारी मुलं हाच प्रवास करून येतात. त्यातही मुलीच जास्त. बारावी झालेली, घरची दोन-चार एकर कोरडवाहू, भाऊ पुसदला नाहीतर पुण्याला कुठंतरी कामाला. एक काळ होता, गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजं निघाली होती आणि प्रवेशासाठी वशिला लागायचा. मग भरती थांबली, 2013 पासून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली, नंतर अभियोग्यता चाचणी आणि भरतीचं पवित्र पोर्टल. कॉलेजं एकेक करून बंद पडली. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात 2030 पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक पदवी किमान ठरवली आहे, म्हणजे आमच्या दोन वर्षांच्या पदविकेचाही दिवस मावळतीला. उरलेल्या मुली टीईटीचे प्रश्नसंच पाठ करतात. चार पर्यायांतून एक गोल काळा करायचा. लेखन कसं शिकवावं, यावरही चार पर्याय असतात.

त्या एसटीच्या प्रवासानंतर दोनच दिवसांनी गटसभेसाठी सगळे परत आले. मी वर्गात गेले आणि कोरे कागद वाटले. म्हटलं, एक पान लिहा. तुम्हाला हवं त्यावर.

शांतता.

'किती ओळी, मॅडम?'

'किती मार्काचं हाये?'

'मुद्दे द्या ना.'

मुद्दे देत नाही म्हटल्यावर एकीनं विचारलं, 'मंग चुकलं तं?' हा प्रश्न मला अजून पुरता उलगडलेला नाही. स्वतःबद्दल स्वतःच लिहिलेलं पान चुकेल कसं? पण तिला भीती खरीच वाटत होती. अर्ध्या तासानं पानं गोळा केली. 'पर्यावरणाचे महत्त्व' सहा. 'स्त्री ही शक्ती आहे' चार. 'मोबाईल शाप की वरदान' तीन. हल्ली गाईडचीही गरज उरलेली नाही. फोनला सांगितलं की तो निबंध लिहून देतो, आणि खात्रीनं सांगते, त्याच्याही शाळेसमोर भव्य मैदान असतं.

मी त्यांच्याबरोबर लिहायला बसले नव्हते, ही माझी पहिली चूक. 1974 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या जेम्स ग्रे यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांना बोलावून एक उपक्रम सुरू केला, तो पुढे नॅशनल रायटिंग प्रोजेक्ट म्हणून अमेरिकाभर पसरला. त्याच्या मुळाशी एक साधी अट होती की लेखन शिकवणाऱ्यानं स्वतः लिहायचं, आणि लिहिलेलं इतर शिक्षकांना वाचून दाखवायचं. आपल्या सवयीला हे झेपत नाही. पोहायला शिकवणारा पाण्यात उतरतो, तबला शिकवणारा तबल्यावर हात ठेवतो. लेखन शिकवणारा मात्र फक्त लाल पेन उचलतो.

पुढच्या आठवड्यात मी लिहायला बसले. पहिलं वाक्य उतरलं: 'शिक्षण ही निरंतर चालणारी प्रक्रिया असून...' खोडलं. दुसरं: 'आजच्या स्पर्धेच्या युगात...' बावीस वर्षं मी टाचणं, अहवाल, प्रस्ताव, इतिवृत्तं लिहिली होती, आणि हातात तेवढंच उरलं होतं. कशीबशी दहा ओळी लिहून वाचून दाखवल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी तोंडाला ओढणी लावून हसली. विचारलं तर म्हणाली, 'मॅडम, रागावू नका. पन हे परिपत्रकासारखं वाटून राह्यलं.'

सगळा वर्ग हसला. मीही. पण तिथून काहीतरी सैल झालं. मॅडमचंही चुकतं म्हटल्यावर हात मोकळे झाले असावेत. तिसऱ्या खेपेला, ती मोत्यासारख्या अक्षराची, आठ लाल खुणा करणारी मुलगी उठली आणि तिनं वाचलं. घरात कापूस भरून ठेवलाय. भाव वाढेल म्हणून बाबा विकत नाहीत. दोनच खोल्या, त्यातली मोठी छतापर्यंत कापसानं भरलेली. तिचा अभ्यासाचा कोपरा कापसाखाली गेला, टीईटीचं पुस्तकही आत कुठंतरी राहिलं. रात्री ती आणि बहीण कापसावरच झोपतात. 'लोकांना वाटते कापूस मऊ असतो. मऊ असतो, पण रात्रभर अंगाला खाज सुटते. आई म्हणते विकला की बंद होईल. बाबा म्हणतात अजून आठ दिवस.' एवढंच. ती खाली बसली तेव्हा आणखी दोघी-तिघी आपापल्या कापसाबद्दल बोलायला लागल्या. कुणाच्या घरी पुढच्या खोलीत, कुणाच्या वऱ्हांड्यात, एकीच्या घरी तर देवघरासकट. तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही, आणि आमच्या कॉलेजात हे फार होत नाही.

आता जरा अक्षरांबद्दल, कारण लेखन म्हटलं की आमच्याकडे चर्चा तिथंच अडते.

मी वर्गात एक हिशोब करायला लावते. मराठीत व्यंजनं 34. बाराखडीनं गुणलं की 408. शासनानं 2009 मध्ये वर्णमालेत ॲ आणि ऑ रीतसर आणले, त्यामुळे बाराखडीची चौदाखडी झाली, म्हणजे 476. त्यात जोडाक्षरं वेगळीच. ङ आणि ञ वगळले तरी आकडा छोटा होत नाही. इंग्रजीच्या 26 अक्षरांना घाबरणाऱ्या पालकांना हे कुणी सांगत नाही. मग पहिल्या वेलांटीची गंमत. 'कि' म्हणताना मूल आधी क म्हणतं, मग इ. लिहिताना वेलांटी आधी येते. कानाला जे नंतर ऐकू येतं ते डोळ्याला आधी दिसतं. इतकी वर्षं 'कि' लिहिणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींच्या हे लक्षातच आलेलं नसतं, आणि यायचं तरी कसं? वाचता येणाऱ्याला न वाचता येण्याची आठवण राहत नाही. शिक्षक घडवताना ही विसरलेली अडचण पुन्हा समोर आणावी लागते. त्यासाठी मी कधीकधी त्यांना अनोळखी लिपीतला मजकूर उतरवायला देते, बहुतेक वेळा तेलुगू. तेलंगणातलं आदिलाबाद आमच्या जिल्ह्याच्या सीमेला लागूनच आहे, मालाच्या पिशव्यांवर, बसच्या पाट्यांवर ती लिपी दिसते. दहा मिनिटांत हात दुखतो, अक्षरं भिंगरीसारखी गोल फिरतात, आणि काय उतरवलं ते कळलेलं नसतं. मग एखादी म्हणते, 'पहिलीतल्या पोराचं असंच होत असंन.'

पण मला खरा प्रश्न पडला तो एका शब्दावर. पऱ्हाटी. कपाशीच्या झाडाला आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात. इथल्या पहिलीतल्या मुलाचं निम्मं जग पऱ्हाटीत असतं. आई तिथं वेचते, तो तिथं सावलीला बसतो, चूल तिच्या वाळल्या काड्यांवर पेटते. आणि त्या शब्दात ऱ्ह आहे. र ला जोडाक्षरात किती रूपं, रफार आहे, खालची तिरकी रेघ आहे, ट-ड खालचा टोपीसारखा र आहे, आणि हा चंद्रकोरीसारखा अर्धा र. सगळ्यात अवघड म्हणून तो सगळ्यात शेवटी. आधी बिनकान्याचे शब्द, मग काना, मग वेलांट्या, मात्रा, आणि जोडाक्षरं कुठंतरी दुसरी-तिसरीत. म्हणजे पऱ्हाटी लिहायला मुलानं दोन-तीन वर्षं थांबायचं. 'वऱ्हाड' लिहायलाही. ज्या मुलीचं नाव प्रज्ञा तिनं स्वतःचं नावसुद्धा. तोवर काय लिहायचं? घर, नळ, वड. यात नळ बहुतेक गावांत कोरडाच.

सोप्याकडून अवघडाकडे हे सूत्र मी वर्षानुवर्षं शिकवलं. ते चूक आहे असं आजही म्हणत नाही, अक्षरं क्रमानं शिकवावीच लागतात. पण सोपं कुणासाठी हे विचारायचं राहून गेलं. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर प्रत्येक मुलाला विचारायच्या, तुला आज कोणता शब्द हवा? तो शब्द कार्डावर लिहून त्याला देऊन टाकायच्या. तो त्याचा. त्यांच्या मुलांनी भूत मागितलं होतं. आमच्या एका गटानं पांढरकवड्याकडच्या एका शाळेत हे करून पाहिलं तर सहा मुलांनी एकच शब्द मागितला: वाघ. टिपेश्वरचं जंगल जवळ. मग ट्रॅक्टर, मामा, पऱ्हाटी, कुरकुरे. पऱ्हाटी मागणाऱ्या मुलीनं ते कार्ड चार दिवस दप्तरात ठेवलं आणि पाचव्या दिवशी न बघता लिहिलं. ऱ्ह सकट. तिला मात्रा अजून येत नव्हत्या.

दरवर्षी एक सहल सेवाग्रामला जाते. कळंब, देवळी करत वर्धा. 1937 च्या 22 आणि 23 ऑक्टोबरला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या समितीनं आराखडा केला आणि नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, उभी राहिली, हे मुलींना परीक्षेपुरतं पाठ असतं. बापू कुटीच्या अंगणात बसून मी त्यांना दुसरंच सांगते. गांधीजींना स्वतःच्या वाईट अक्षराची आयुष्यभर लाज वाटायची. आत्मकथेत त्यांनी लिहिलंय की मुलांना आधी चित्र काढायला शिकवावं, फुलं-पक्षी पाहावेत तशी अक्षरं पाहू द्यावीत आणि हातानं वस्तू काढता यायला लागल्या की मगच अक्षर गिरवायला लावावं. रशियात मानसशास्त्रज्ञ वायगोत्स्कीही लहान मुलाचा हातवारा, खेळ, चित्र आणि लिहिणं या सगळ्याला एकाच वाटेवरचे टप्पे मानत होता. दोघांनी एकमेकांना ओळखायचं काही कारण नव्हतं. हे ऐकून मागं एकदा एक मुलगा म्हणाला, 'म्हंजे मॅडम, आपल्या सुंदर हस्ताक्षर स्पर्धेत बापू नापास.' त्याचं स्वतःचं अक्षरही पाहण्यासारखंच होतं, त्याला फार बरं वाटलं असणार.

धोरणाबद्दल थोडक्यात. 2021 च्या जुलैत निपुण भारत सुरू झालं, तिसरीपर्यंत प्रत्येक मूल समजून वाचेल आणि लिहील असं ध्येय, मुदत 2026-27. हेतूवर बोट ठेवण्यासारखं काही नाही. पण वाचनाची गती मोजता येते. तिसरीला मिनिटाला 60 शब्द, घड्याळ लावलं की झालं. 'बाबा येत नाई तवरी' मोजायला घड्याळ नाही, म्हणून गावातल्या शाळांच्या केंद्रापर्यंत पोचेतो लेखन पुन्हा श्रुतलेखनात जाऊन बसतं. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या वाड्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये लहान मुलांच्या वाचन-लेखनाचा काही वर्षं सलग अभ्यास केला. वर्गातलं लेखन म्हणजे बहुतेक फळ्यावरून आणि पुस्तकातून उतरवणं, हे त्यांनाही दिसलं. वाडा इथून कितीतरी लांब, तरी ते वाचताना मला त्या पट्टीवर बसल्यासारखं वाटलं.

परत त्या मुलाकडे येते. त्याची वही मी विसरले नव्हते. कापसाचं पान वाचून झाल्यावर मी तिला बाजूला बोलावलं आणि विचारलं, तुझ्या पानावर मी आठ लाल खुणा केल्या असत्या तर? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, 'पन मॅडम, तो परीक्षेत असं लिहीन तं त्याचे मार्क कापतीन ना.' बरोबर होतं तिचं. आणि हा पेच फक्त परीक्षेचा नाही.

तिच्या शाळेतल्या पालकसभेत हे निघालंच. तोवर ती मुलांचं लिहिलेलं जसंच्या तसं भिंतीवर लावायला लागली होती. एक आई उभी राहिली, वेचणीवरून थेट आलेली, कमरेला ओटी तशीच. म्हणाली, 'मॅडम, घरचं तं ते घरी बोलतेच. साळेत बी घरचंच शिकवाल, तं पाठवाचं काहाले?' आमच्यासारख्या पुस्तकं वाचून बोलीवर प्रेम करायला शिकलेल्या लोकांनी हा प्रश्न कागदावर लिहून टेबलावर ठेवावा. तिला पोराच्या बोलीचं कौतुक नको होतं. तहसीलच्या खिडकीवर त्याचा अर्ज परत येऊ नये, एवढं हवं होतं. प्रमाण मराठी हा त्या मुलाचा हक्क आहे, आणि तो आपण नाकारला तर आपल्या उदारपणाची किंमत त्यानं मोजायची. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, आणि बंजारा तांड्यावर तर मराठीच दुसरी भाषा, तिथं हा प्रश्न आणखी टोकदार.

मग तिनं काहीतरी शोधलं, माझ्या मदतीशिवाय. फळ्यावर दोन रकाने. एकावर 'घरी', दुसऱ्यावर 'पुस्तकात'. मले, मला. तुले, तुला. बकरीले, बकरीला. पाच-सहा जोड्या झाल्यावर चौथीतली एक मुलगी ओरडली, 'मॅडम, ले चा ला होते!' पुढे काया, काळा. डोया, डोळा. केयं, केळं. य चा ळ होतो हेही त्यांनी शोधलं, आणि दुसऱ्या दिवशी एकानं लिहून आणलं, 'आमच्या गाळीले वासरू झालं.' गाईची गाळ! 'ले' मात्र जागच्या जागी. तिनं मला फोन करून हे सांगितलं तेव्हा हसून हसून तिला बोलवेना. मी म्हटलं, ही चूक जपून ठेव, नियम डोक्यात शिरल्याशिवाय अशी चूक होतच नाही. घरचं चूक आणि पुस्तकातलं बरोबर, असं ती म्हणाली नाही. दोन रकाने, दोन जागा. कधी कुठला वापरायचा ते वाचणाऱ्यावर.

आता आमच्यात ठरलंय की पहिल्या वाचनाला लाल पेन दप्तरात. आधी जे लिहिलंय त्याला उत्तर द्यायचं, माणसानं माणसाला द्यावं तसं. मग कधीतरी, दुसऱ्या खेपेला, एकच गोष्ट घ्यायची. आठ नाही. सगळ्यांना हे पटलेलं नाही. आमच्याच स्टाफरूममध्ये 'मग वह्या तपासल्या की नाही ते साहेबांना दिसणार कसं?' असं विचारणारे आहेत, आणि निरीक्षणाच्या तक्त्यात 'मुलाच्या लिहिण्याला उत्तर दिले' असा रकाना नाही, तो मी पेन्सिलनं समासात करते. मुलींच्या वह्यांवर वर्षानुवर्षं मी 'समाधानकारक' लिहीत आले, तेही बंद करण्याचा प्रयत्न चाललाय. जमतंच असं नाही. चाळीस फाइली समोर आल्या की हात आपसूक 'स' काढायला लागतो.

डिसेंबरात मी पुन्हा त्या शाळेत गेले. टाकीखाली या खेपेला तीन म्हशी होत्या. तिनं त्या मुलाची वही माझ्यापुढे ठेवली. जुन्या पानावरच्या लाल खुणा तशाच होत्या, पण खाली तिनं निळ्या शाईत एक प्रश्न लिहिला होता: 'मग बाबा किती वाजता आले?'

त्याच्या खाली पेन्सिलनं:

'चार वाजता आले मनते. मले माहीत नाई. मी झोपलो होतो.'

पुन्हा निळ्या शाईत: 'साप दिसला का?'

'नाई. बेडूक दिसला.'

असं दीड पान गेलं होतं. बेडूक, मोटारीचं स्टार्टर, बॅटरीतले सेल संपल्याची कथा, विहिरीवरच्या कुत्र्याला नाव काय ठेवावं. 'नाई' दुसऱ्या पानावर कुठंतरी 'नाही' झालं होतं, त्याचं त्यालाच कळलं असावं किंवा नसावं. शेवटच्या प्रश्नावर निळी शाई अजून ताजी होती: 'या आठवड्यात काय झालं? लिही.'

मी पट्टीवर त्याच्या शेजारी बसले. त्यानं पेन्सिलला टोक काढलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, वहीवर हाताचा आडोसा केला आणि लिहिलं. मग आडोसा काढला, मला दिसावं म्हणून.

'आता दिवसाची लाईन हाये. बाबा राती घरी झोपते. लिहाले काई नाही.'